उर्जाच्या खोलीचा पाइप

वाल्डॉर्फ, ९ नोव्हेंबर २००७

कुकर ठेवलास आणि शिट्टी नेलीस, ह्याला काय म्हणायचं? न्यायचा होता तर अख्खा न्यायचास, मी काही दारात आडवी पडणार नव्हते. आता डाळ पातेल्यात शिजवते. इथल्या पाण्यात नुसता चुना, दुपार होते तरी दाणा मऊ होत नाही. मयुरेश म्हणतो दुकानातून आणतो. पुण्याच्या कुकरची शिट्टी वाल्डॉर्फच्या दुकानात मिळत असती तर तू ती पर्समध्ये घालून नेली असतीस का? मुद्दाम नेलीस. मी ओळखते.

चि. सौ. सुलेखास तुझी सासू मालिनी हिचा आशीर्वाद. भांडण भांडणाच्या जागी, आशीर्वाद आशीर्वादाच्या.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहावं लागतंय. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, कोंबडी चालल्यासारखं दिसेल, पण वाचता येईल. कार्ल्सरूहेचा पत्ता मयुरेशच्या पाकिटावरून रांगोळी काढावी तसा उतरवून घेतलाय. चुकला असेल तर हे पत्र तुला मिळणारच नाही, मग तक्रारही करता येणार नाही.

काम असं आहे. घरातली हाइत्सुंग गेली, घर गरम करायची ती भट्टी. धुराडं तपासायला तो काळे कपडे घातलेला माणूस येतो ना, रस्त्यात दिसला तर इथले लोक ज्याला शुभ मानतात, तो येऊन गेला. त्या शुभानं तळघरात, केलरमध्ये जाऊन भट्टीच्या नळीत काहीतरी खुपसलं, मान हलवली आणि सांगून गेला की ही आता पेटवायची नाही. ऐन थंडीत. मयुरेशनं खोल्याखोल्यांत विजेच्या शेगड्या ठेवल्यात. त्या माझ्या पायांना भाजतात आणि पाठीला गारच ठेवतात.

आता भट्टीही नवी आणि पाइपही नवे. लाउक म्हणून एक मिस्त्री आहे, पोट सुटलेला, कानामागे पेन्सिल. मयुरेश त्याला हेर लाउक म्हणतो, म्हणजे आपलं लाउकराव, मी नुसतं लाउक म्हणते, तो रागावत नाही. तो म्हणाला, हे घर बांधलं तेव्हा पंप नव्हते. गरम पाणी आपलं आपण वर चढायचं आणि गार झालं की आपलं आपण खाली यायचं. कुणी ढकलायचं नाही. म्हणून ते लोखंडी पाइप माझ्या मनगटाएवढे जाड. आता पंप ढकलतो, तेव्हा तांब्याचे बारीक पाइप पुरतात. पण कुठल्या खोलीला केवढा घालायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि ते खोलीत कोण राहतं त्यावर. माणूस राहत असेल तर एक माप. अडगळ असेल तर बंदच करून टाकायचा.

तो खोलीखोलीतून फिरला आणि विचारत गेला. वर उर्जाच्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, इथं कोण? इतका वेळ जा-जा आणि गेनाऊ-गेनाऊ करून सगळ्याला होकार देणारा आमचा मयुरेश दारावरची पाटी बघायला लागला. मग म्हणाला, आबश्टेलराउम. मी म्हटलं, म्हणजे काय रे? तर म्हणे, अडगळीची खोली.

तो तसं म्हणाला आणि पाइप वाजला. टक.

तू हसशील. हसून घे. पण तू गेलीस त्या दिवशी काय झालं ते आठव. मी उर्जाला मराठीत मागितल्याशिवाय वाढत नव्हते, हे मी नाकारत नाही. पोर सात वर्षांची झाली, सगळं समजतं तिला, आणि उत्तर जर्मनमध्ये देते. आजी म्हण म्हटलं तर ओमा म्हणते. ओमा ऐकलं की कुणीतरी म्हशीला हाक मारतंय असं वाटतं मला. 'आजी, पोळी दे' एवढंच म्हणायचं होतं तिला. नाही म्हणाली. हट्टाला माझ्यावर गेली आहे, ताटावरून उठली. मग तू बॅग भरलीस आणि दारात उभी राहून मला म्हणालीस, "आई, आता तुम्हाला हवी तशी नात करून घ्या." तेव्हाही पाइप वाजला होता. तुला ऐकू आलं होतं, तू वर बघितलंस.

वास्तूत बरं बोलावं गं. वास्तू तथास्तु म्हणत असते. तुझ्या आईनं हे सांगितलं नसेल तर मी सांगते. आणि ह्या घराला ती विद्या नव्हती, ती आपण दिली. वास्तुशांतीला बाड हॉम्बुर्गचे ते कंपनीत नोकरी करणारे गुरुजी आले होते, गाडीतच सोवळं नेसले होते, त्यांनी आग्नेय कोपरा दाखवला, आणि मयुरेशनं केलरची फरशी मशीननं फोडून वास्तुप्रतिमा तिथं पालथी घालून पुरली. त्याच कोपऱ्यातून उर्जाच्या खोलीचा जाड पाइप सरळ वर जातो. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता रोज माझ्या येतंय.

तर मला एवढंच कळव: उर्जाची खोली माणसाची की अडगळीची? पाइप भिंतीत गेला, वर प्लॅस्टर झालं, की मग बदलता येत नाही. तुझा नवरा तोंडानं विचारणार नाही, म्हणून मी विचारते.


वाल्डॉर्फ, २१ नोव्हेंबर २००७

सुलेखा,

उत्तर नाही. मयुरेश रविवारी तिकडे येतो तेव्हा त्याला म्हणालीस म्हणे, आईंची पत्रं मिळतात. पत्र, एकच होतं. आता हे दुसरं.

लाउकनं सगळ्या पाइपांतलं पाणी सोडलं. केलरच्या मोरीत ओतलं तर काळं, शाईसारखं, आणि वास जुन्या नाण्यांचा. इतकी वर्षं हे पाणी आपल्या भिंतींतून फिरत होतं. मयुरेश म्हणाला तसंच असतं, गंज असतो. त्याला सगळं तसंच असतं.

खालच्या खोल्यांचे नवे पाइप बसले. पंधराचा म्हणजे माझ्या बोटाएवढा, तो एकेका खोलीला. भट्टीतून निघतो तो मोठा, मग जसजशा फांद्या फुटतात तसतसा बारीक होत जातो. मी स्टूल टाकून बघत बसते. लाउकला वाटतं मी राखण करते. करतेच.

वरच्या त्या खोलीबद्दल मी मयुरेशला म्हटलं, बंद कशाला करतोस, तो जुना जाड पाइपच राहू दे की, भरपूर ऊब येईल. त्यानं ते लाउकला सांगितलं. लाउक हसला. म्हणाला, पाणी आळशी असतं. जिथं वाट रुंद, तिकडे जातं. एका खोलीला जाड पाइप दिला तर सगळं तिकडेच पळेल, आणि बाकीचं घर गार पडेल. मी मयुरेशला म्हटलं, ह्यात नवीन काय सांगितलं त्यानं, आमच्या फलटणला पाटावर हेच चालायचं, वरच्यानं दारं रुंद फोडलं की खालच्याच्या शेतात नुसता ओला वास यायचा. मयुरेश म्हणाला, "आई, तुला सगळं फलटणलाच झालेलं असतं." बापासारखं बोलतो कधीकधी.

एक गोष्ट सांगते, पण तिचा बाऊ करू नकोस. उर्जाच्या खोलीत मी झाडायला गेले. खिडकी बंद, शेगडी तिथं ठेवलेलीच नाही, पाइप रिकामे. माझ्या खोलीत खिडकीच्या आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी धरते. आणि तिथं ऊब. अंगणात उन्हाला बसल्यासारखी. रेडिएटरला हात लावला तर अंघोळीच्या पाण्याइतका कोमट. मी परत खाली गेले, भट्टीची जागा पाहिली. तिथं भट्टीच नाही, जुनी नेली, नवी यायची आहे.

काहीतरी कारण असेल. मी माझे लोकरीचे मोजे तिथं वाळत घातले. वाळले. मग कारण शोधत बसायची मला काय गरज?

दुपारी घर रिकामं असतं तेव्हा पाइपातून आवाज येतो. कुणीतरी श्वास रोखून धरावा आणि मग हळूच सोडावा, तसा. रिकाम्या पाइपात वारा घुमतो. आमच्याकडे बोअरमध्ये घुमायचा.

उर्जाला गरम काहीतरी खायला घालत जा. आणि उत्तर दे.


वाल्डॉर्फ, ३० नोव्हेंबर २००७

सुलेखा,

तू उत्तर दिलं नाहीस ते बरंच झालं. घाई नाही. तिकडे तुझी युनिव्हर्सिटीची नोकरी चांगली चाललीय, पोरीची शाळा जवळ आहे, उगाच ओढाताण कशाला? राहा तिथं. मी मनापासून लिहितेय, टोमणा नाही.

मी ठीक आहे. सकाळचं आवरलं की शिवणाची टोपली घेऊन वर जाऊन बसते, ऊब असते म्हणून. मयुरेश विचारत होता, "आई, तू दिवसभर वर कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, देवाशी. त्याला काय कळतंय.

तुला सांगते, कारण तू कुणाला सांगणार नाहीस. सांगितलंस तरी ऐकणारा म्हणेल, सासूला वेड लावून सून निघून गेली. तर मी बटण शिवत होते, सुईत दोरा जाईना. आणि पाइपातून आवाज आला, "आजी, गार वाजतंय का गं तुला?"

मी म्हटलं, "कोण ते?"

"कोण म्हणजे? मीच."

"मी म्हणजे कोण? नाव नाही का आईबापांनी ठेवलं?"

"ठेवलंय की. उर्जा."

मी उठून खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर शेजारची बाई सायकलवरून पाव घेऊन चालली होती. दुपार होती, लख्ख उजेड होता. मी परत बसले. घाबरले नाही. घाबरायचं वय गेलं माझं. मी म्हटलं, "काय पाहिजे?"

"पोळी दे. साखर लावून."

सुलेखा, मराठीत. एक शब्द इकडचा नाही. आणि तुझं ते पुण्याचं मराठी नव्हे हं, आमच्या फलटणचं. 'लई' म्हणते. माझ्यासारखी हेल काढते. हे तिला तू शिकवलेलं नाहीस, आणि मी शिकवायला गेले तेव्हा ती शिकली नाही.

मी पोळी केली, साखर लावली, रेडिएटरवर ठेवली. खाली येऊन भाजी निवडली, परत गेले. पोळी होती तशीच. पण गार झाली नव्हती, वाळलीही नव्हती. तव्यावरून आत्ता उतरवल्यासारखी. संध्याकाळी अंगणात टाकली. इथले कावळे काय हावरट असतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडतात. ते आले, भोवती फिरले, आणि शिवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच ती उचलून कचऱ्यात टाकली.

ते सोड. बोलते मात्र छान. गोष्ट सांग म्हणते, मी सांगते. मध्येच विचारते, मग पुढे? मधल्या ओळी मी विसरले तर ती सांगते. मी म्हटलं, तुला कशा माहीत? म्हणते, तुला माहीत आहेत म्हणून.

आज तिच्या बोलण्यात शिट्टी यायला लागली. 'साखर' म्हणताना 'स'वर हवा जाते. मी म्हटलं, हे काय नवीन? हसली नुसती. कुकरची शिट्टी तुझ्याकडे, ही माझ्याकडे, फिटली आपली.

पाइपाचं म्हणशील तर ठरलं. ती म्हणाली, "आजी, माझा पाइप बारीक नको करू. बारीक पाइपातून मला येता येत नाही. जाडच राहू दे." मी मयुरेशला सांगितलं, तो जुना पाइप तसाच ठेव आणि नव्या भट्टीला जोड, उगाच भिंत फोडायला नको. तो म्हणाला, "आई, लाउकनं सांगितलं ना, बाकीचं घर गार राहील." मी म्हटलं, राहू दे गार, दोनच तर माणसं आहोत आपण. तो बरं म्हणाला. त्याचंही डोकं ठिकाणावर नाही हल्ली. ऑफिसातून येतो आणि उभ्या उभ्या जेवतो.

तेव्हा खोलीचा प्रश्न मिटला. तू आता उत्तर देण्याची तसदी घेऊ नकोस.


वाल्डॉर्फ, ९ डिसेंबर २००७, रविवार

तू मला हे का कळवलं नाहीस? चार आण्याची अक्कल नाही का तुला? माझ्यावर राग होता, कबूल, पण पोरीचं असं काही झालं आणि मला कळवायचं नाही?

मयुरेश आत्ता तुमच्याकडून आला. बूट न काढता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, "उर्जा बोलत नाही."

"रुसली असेल. तुझ्याशी की आईशी?"

"कुणाशीच नाही. शाळेच्या बाईंनी सुलेखाला बोलावून घेतलं होतं. वर्गात ओठ हलवते, आवाज येत नाही. डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे."

"कधीपासून?"

"हळूहळू. आधी आवाज बारीक झाला, मला वाटलं सर्दी असेल. मग ऐकायला जवळ जावं लागायचं. आता काहीच नाही. चित्र काढून दाखवते काय हवंय ते." मग तो तोंडावर हात घेऊन म्हणाला, "आणि समोरचा दात पडलाय तिचा. किती हौस होती तिला, दात पडला की फोन करून सांगणार होती. कसा करणार?"

मी विचारलं, दात कधी पडला? तो म्हणाला, गेल्या महिन्याच्या शेवटी.

मी पोळपाट धुवायला घेतला. धुतलेलाच होता.

शिट्टी, सुलेखा. दात पडला हे मला आज कळलं. 'साखर'वरची शिट्टी मी तेव्हाच ऐकली होती, तुला लिहिलीसुद्धा. मागचं पत्र काढून बघ. ते वाचून तुला काहीच वाटलं नाही का? का वाचलंच नाहीस? तिकडून मला कुणी सांगितलं नव्हतं आणि इकडे पाइपातलीचा दात पडला होता. मग ती कुणी दुसरी नव्हे. लबाडी नव्हे, भूत नव्हे, माझ्या म्हाताऱ्या कानांचा भासही नव्हे. ती आपलीच आहे. तिकडून इकडे येतेय. घोटाघोटानं.

तो केलरमध्ये काहीतरी करायला गेला तशी मी वर गेले. खोलीत नेहमीची ऊब. मी बसले नाही. उभ्यानंच विचारलं, "तू तिकडे का बोलत नाहीस?"

"इकडे बोलते ना."

"दोन्हीकडे बोल."

"मी एकटीच आहे गं आजी. दोन्हीकडे कशी पुरेन?" आणि म्हणाली, "तुला हवी तशी आहे ना मी? मग झालं तर."

हे वाक्य कुणाचं आहे, तुला माहीत आहे. तू दारात म्हणालीस, मी मनात धरलं, आणि त्या कोपऱ्यात पालथ्या पडलेल्यानं तथास्तु म्हटलं. त्याचा काय दोष? आपणच पुरलाय त्याला. त्यानं इथल्या विद्येनं वाट काढली. रुंद पाइप, ढकलायला कुणी नको, आपलं आपण वर चढतं.

लाउक मंगळवारी येतोय. नवी भट्टी आली आहे. तो जाड पाइप त्या दिवशी जोडायचा ठरलाय, माझ्याच सांगण्यावरून. एकदा त्यातून पाणी फिरायला लागलं की तिकडे काही उरणार नाही, हे मला लाउकनं सांगायची गरज नाही. मी पाटाच्या शेवटच्या टोकाची आहे. आमच्या वाट्याला काय यायचं मला ठाऊक आहे.

आणि तरी खरं सांगते, जिना उतरताना मला वाटलं, अजून एक दिवस आहे. उद्या सकाळी वर जाऊन बसता येईल.

नाही बसणार. हे लिहून ठेवते म्हणजे बसता येणार नाही.


वाल्डॉर्फ, ११ डिसेंबर २००७

सुलेखा,

आज झालं ते नीट वाच. बसून वाच.

काल मी वर गेले नाही. ती दिवसभर हाका मारत होती. रागावून नाही, लाडानं. आजी, सुई ओवून देऊ का. आजी, गोष्ट अर्धी राहिलीय. मी खाली बसून तांदूळ निवडले, निवडलेले परत निवडले. मयुरेशला ती ऐकू येत नाही. मी त्याला सांगितलं नाही. तो सांगितल्यावर माझ्या डोक्याचा डॉक्टर शोधत बसला असता, आणि मंगळवार निघून गेला असता.

आज सकाळी तो ऑफिसला गेला आणि लाउक आला. त्याच्याकडे जुनाच हुकूम होता, जाड पाइप जोडायचा. केलरमध्ये त्या आग्नेय कोपऱ्यात तो पिशवी उघडून बसला. आता त्याला सांगायचं कसं? मला त्याची भाषा येत नाही. तुम्ही सगळ्यांनी सांगून सांगून दमलात, आई, चार शब्द शिका. मी म्हणायचे, मला काय करायचंय त्यांच्याशी बोलून.

मी त्या पाइपाला हात लावला आणि म्हटलं, नाइन, म्हणजे नाही. तो म्हणाला, नाइन? आणि माझ्याकडे बघत राहिला. मी दोन बोटांनी कातरीसारखं कापून दाखवलं. त्याला कळलं, पण भलतं कळलं. त्यानं वर बोट दाखवलं, हातांनी फुली केली, म्हणजे बंदच करून टाकायचं का? आबश्टेलराउम? अडगळ?

बंद केलं असतं तर ती सुटली असती, पण मग तिला परत यायला खोली कुठली? गार खोलीत कुणाचं पोर राहतं? मी त्याला थांब म्हणून हात केला आणि माझ्या खोलीतून डबा आणला. हे गेल्यापासून माझी जोडवी त्यात पडून आहेत. एक जोडवं काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि त्यातून बोट घालून दाखवलं. एवढा. इतकाच. एका माणसापुरता. त्यानं पिशवीतून तांब्याचा पाइप काढला, जोडव्यात घातला. अडकला नाही, हललाही नाही. फ्युन्फत्सेन, म्हणाला, म्हणजे पंधरा.

मग मी वर बोट केलं आणि म्हटलं, "किंडरत्सिमर."

उर्जाच्या दारावर ती पाटी आहे ना, फुलाफुलांची, तीच वाचून वाचून पाठ झाली होती. मुलांची खोली. लाउक उभा राहिला. इतके दिवस ह्या बाईच्या तोंडून त्यानं मराठीशिवाय काही ऐकलं नव्हतं. त्यानं विचारलं, किंट? कुठे आहे मूल? एवढं मला समजलं. मी म्हटलं, कार्ल्सरूहे. त्यानं मान हलवली आणि करवत घेतली.

लोखंड कापताना केवढा आवाज होतो. आणि त्या आवाजाच्या आत ती. आधी म्हणाली, आजी, काय करतेस? मग म्हणाली, आजी, दुखतंय. दुखत नव्हतं, मला माहीत आहे, पोरं असंच म्हणतात. मग तिनं माझी सगळी गाणी म्हणायला सुरुवात केली, भराभर, एकात एक, मी तिच्या बापाला पाळण्यात म्हटलेली. मी पायरीवर बसले होते. पदर कानांवर घेतला नाही. आपण करायला सांगितलंय तर ऐकावं तरी.

लाउक मध्येच थांबला. करवत तशीच धरून त्यानं वर बघितलं आणि मला काहीतरी विचारलं. शब्द समजले नाहीत, पण चेहरा समजला. वर कुणी आहे का, असं विचारत होता. त्याच्या हातावरचे केस उभे राहिले होते.

मी म्हटलं, नाइन.

तो अजून बघत होता. मी परत म्हटलं, नाइन. मग त्यानं उरलेलं कापलं, पहिल्यापेक्षा जोरात, खाली मान घालून.

शेवटचा तुकडा सुटायच्या आधी ती गप्प झाली होती. आणि मग अगदी जवळून, पाइपातून नाही तर माझ्या कानाशी, म्हणाली, "येते हं, आजी."

आपल्यात जाते म्हणत नाहीत. मीच तिला उंबऱ्यावर शिकवायचे आणि ती जर्मनमध्ये भलतंच म्हणून पळायची. आज बरोबर म्हणाली. येते म्हणाली. पण कुठे, ते मला माहीत नाही. तेच मला रात्रंदिवस खाणार आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

कापलेला तुकडा लाउकनं बाहेर अंगणात नेऊन ठेवला. त्याच्याभोवतीचं दंव वितळलं, गवत दिसायला लागलं, आणि दुपारी बघितलं तर परत पांढरं झालं होतं. तेव्हा मी हात लावला. लोखंडासारखं गार. पंधराचा पाइप वर चढवलाय, भिंतीत बसवलाय, प्लॅस्टर उद्या. वरची खोली आता बाकीच्या घराइतकीच गार आहे. उद्या पाणी भरलं की बाकीच्या घराइतकीच ऊब येईल, जास्त नाही. मयुरेशला मी सांगितलं, ती अडगळ नाही. तो म्हणाला, "लाउकला कसं समजावलंस?" मी म्हटलं, बोलले त्याच्याशी.

आता तुझं काम. हे पत्र पोचलं की उर्जाला फोनपाशी उभी कर. उत्तर तिनं द्यायचं. तू नाही, मयुरेश नाही, तिच्या शाळेच्या बाई नाहीत, पत्र नाही, चित्र नाही. तिच्या तोंडानं. जर्मनमध्ये बोलू दे, मला एक अक्षर कळलं नाही तरी मी ऐकेन, रागावली तर रागावू दे, फोन आपटला तरी चालेल. फक्त पहिला शब्द ओमा आला पाहिजे. ओमा म्हणाली, की तिला घेऊन ये, खोली तयार आहे, आणि शिट्टी आण.

आणि जर तिनं फोन घेतला आणि स्वच्छ मराठीत आजी म्हणाली, तर पुढचा शब्द ऐकत उभी राहू नकोस. फोन तिच्या हातातून काढून घे, आणि मग तू बोल, दारात म्हणालीस ते मागे घे.